इसार देण्यापूर्वी फेरफार वाचा : शेतजमीन खरेदी करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यालयात येणारे बहुतेक ग्राहक सोबत चालू सातबारा आणतात, "उतारा कोरा आहे, कसला बोजा नाही" असे सांगतात आणि लगेच खरेदीखताच्या मसुद्याविषयी विचारतात. अनेकदा इसाराची रक्कम तोवर दिलेलीही असते. पुढे वर्षानुवर्षे चालणाऱ्या दाव्यांचे मूळ बहुधा इसारापूर्वी वाचायच्या राहून गेलेल्या कागदांत असते, म्हणून हे माहितीपत्रक इसारापूर्वीच्या आठ-दहा दिवसांसाठी लिहिले आहे.

सातबारा उताऱ्यावरून जमीन आज कोणाच्या नावावर आहे एवढेच कळते. ती त्या नावावर कशी आली, हे फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये लिहिलेले असते. सातबारा ही मुळात महसुलासाठी ठेवलेली नोंद असून केवळ तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे. उताऱ्यावर नावाजवळ फेरफाराचा क्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकाचा फेरफार काढावा, मग त्याच्या आधीचा, आणि असे करत किमान ३० वर्षे मागे जावे.

असे मागे गेल्यावर काय सापडते, याचे आमच्या कामात पुन्हा पुन्हा दिसणारे एक उदाहरण देतो. चालू उताऱ्यावर दोन भावांची नावे असतात. जुन्या वारस फेरफारात मात्र वडिलांच्या मृत्यूनंतर दोन मुलगे आणि तीन मुली अशी पाच नावे लागलेली असतात, त्यांपैकी मुलींची नावे 'इतर हक्क' या रकान्यात असतात, आणि काही वर्षांनी दुसऱ्या एका फेरफाराने त्या तिन्ही नावांना कंस झालेला असतो, म्हणजे ती नावे कमी केलेली असतात. कारण म्हणून "जबाबावरून नावे कमी केली" एवढेच वाक्य असते. नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा क्रमांक कोठेही नसतो. अशा वेळी बहिणींचा हिस्सा कायम आहे असे समजूनच पुढचे पाऊल टाकावे. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे आणि त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून तिन्ही बहिणींना खरेदीखतात लिहून देणार म्हणून सामील करून घ्यावे किंवा आधी त्यांचे हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावे. "बहिणी काही बोलणार नाहीत" या आश्वासनावर आयुष्याची पुंजी लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाय तो हिस्सा त्या बहिणींचा आहे आणि त्यांना विचारणे हेच न्यायाचे आहे.

नावापुढील 'ए.कु.क.' ही अक्षरेही नीट पाहावीत. त्यांचा अर्थ 'एकत्र कुटुंब कर्ता' असा असून ती जमीन त्या व्यक्तीच्या एकट्याच्या मालकीची नसून एकत्र कुटुंबाची असण्याचा तो इशारा आहे.

भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. खरेदी करणारा स्वतः शेतकरी नसेल, तर कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ नुसार परवानगीशिवाय त्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही, म्हणून आपला शेतकरी असल्याचा दाखला आधी तयार ठेवावा.

कागद स्वच्छ निघाले तरी जागेवर जाणे चुकवू नये, आणि तेही शक्यतो पावसाळ्यात जावे, कारण उन्हाळ्यात ज्या बांधावरून गाडी सहज जाते, तेथे जुलैत पायी जाणेही कठीण होते. वाट गट नकाशात दाखवलेली आहे की केवळ शेजाऱ्याच्या संमतीने चालू आहे, हे त्या शेजाऱ्यालाच विचारावे. क्षेत्र पायांनी किंवा मोबाईलवर मोजून ठरवू नये. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, त्यामुळे बांध दोन-चार फूट सरकलेला असला तरी लांब पट्ट्यात त्याची किंमत मोठी होते.

आमच्याकडे येताना गावाचे नाव, गट क्रमांक, चालू सातबारा व आठ-अ उतारा (खातेदाराच्या नावावरील एकूण जमिनीचा उतारा) आणि विक्रेत्याने दाखवलेल्या प्रत्येक दस्ताची प्रत आणावी. दुय्यम निबंधक कार्यालयातील दस्तांचा शोध आम्ही घेतो, फेरफारांची साखळी लावून लेखी अहवाल देतो आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतो. विक्रेता कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे मालकाने आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दिलेल्या पत्रावर, व्यवहार करत असल्यास ते पत्र देणाऱ्या मूळ मालकाशी समक्ष बोलणे झाल्याशिवाय आम्ही अहवाल पूर्ण करत नाही, यास्तव त्या भेटीसाठी वेळ राखून ठेवावा.