उताराची मॅरेथॉन पळून बोस्टनचा अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

कॅलिफोर्नियातल्या ओहायमधून सुटणारी ‘माउंटन्स टू बीच’ मॅरेथॉन व्हेंचुराला पॅसिफिकच्या काठावर संपते. मार्गाचा बराच भाग जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी केलेल्या वाटेवरून जातो, म्हणून उतार हलका आणि एकसारखा आहे. बोस्टन मॅरेथॉनच्या अर्जासाठी लागणारी पात्रता वेळ काढायला, म्हणजे बीक्यूसाठी (बोस्टन क्वालिफायर), अनेक जण ही शर्यत निवडतात. अमेरिकेत राहणारे मराठी धावपटू आणि इथून तिकडे जाऊन पळू इच्छिणारे, दोघांच्याही मनात एक शंका असते: उतारावर काढलेली वेळ बोस्टनला चालते का?

चालते, पण उतार किती आहे ते पाहून. बोस्टन मॅरेथॉन भरवणाऱ्या बोस्टन अ‍ॅथलेटिक असोसिएशनने जून २०२५ मध्ये नवा नियम जाहीर केला. तो २०२७ च्या शर्यतीच्या नोंदणीपासून लागू आहे. सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीतला निव्वळ फरक १,५०० ते २,९९९ फूट असेल, तर तुमच्या वेळेत ५ मिनिटं वाढवली जातात. ३,००० ते ५,९९९ फुटांना १० मिनिटं. ६,००० फूट किंवा त्याहून जास्त उताराची वेळ पात्रतेसाठी घेतच नाहीत. समजा ४७ वर्षांचा पुरुष २,००० फूट उतरणाऱ्या मार्गावर ३ तास १२ मिनिटांत पळाला. त्याच्या गटाची मर्यादा ३ तास १५ मिनिटं आहे, पण त्याची वेळ ३ तास १७ मिनिटं धरली जाईल आणि तो अर्जच करू शकणार नाही.

ओहाय गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७४५ फुटांवर आहे. तिथून थेट लाटांपर्यंत उतरलं तरी १,५०० फुटांच्या निम्म्यावरच थांबतो, त्यामुळे या मार्गाला एका सेकंदाचाही दंड नाही. मला हा नियम योग्य वाटतो. डोंगरावरून घसरत काढलेली वेळ आणि असा हलका उतार यांना एकाच मापाने मोजणं सपाट मार्गावर कष्ट करणाऱ्यांवर अन्यायाचं होतं. बोस्टनचा स्वतःचा मार्गही सुमारे १४० मीटर उतरतो. म्हणूनच २०११ साली केनियाचा धावपटू जेफ्री मुताई तिथे २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत पळाला, तरी तो जागतिक विक्रम ठरला नाही. विक्रमासाठी किलोमीटरमागे १ मीटरपेक्षा जास्त उतार चालत नाही, आणि सुरुवात व शेवट यांच्यातलं सरळ अंतरही शर्यतीच्या निम्म्याच्या आत लागतं.

दुसरी कुठली मॅरेथॉन निवडणार असाल तर फी भरण्याआधी तिच्या मार्गाचं प्रमाणपत्र बघा. अमेरिकेतल्या मार्गांना यूएसए ट्रॅक अँड फील्ड या तिथल्या राष्ट्रीय अ‍ॅथलेटिक्स संघटनेचं प्रमाणपत्र असतं आणि त्यावर किलोमीटरमागे किती मीटर उतार आहे ते दिलेलं असतं. हा आकडा सुमारे १०.८ च्या खाली असेल तर तुम्ही १,५०० फुटांच्या आत आहात. प्रमाणपत्र नसलेल्या मार्गावरची वेळ, कितीही चांगली असली तरी, अर्जात उपयोगाची नाही. अमेरिकेबाहेरच्या शर्यतींना एम्स (AIMS, मॅरेथॉन आयोजकांची आंतरराष्ट्रीय संघटना) किंवा त्या देशाच्या अ‍ॅथलेटिक्स संघटनेची मान्यता चालते. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची वेळही त्यामुळे ग्राह्य धरतात.

पात्रता

शर्यतीच्या दिवशी वय १८ पूर्ण हवं. वेळेची मर्यादा वय आणि गटानुसार बदलते. २०२६ च्या नियमांप्रमाणे १८ ते ३४ वयाच्या पुरुषांना २ तास ५५ मिनिटं आणि स्त्रियांना ३ तास २५ मिनिटं. ४० ते ४४ साठी अनुक्रमे ३:०५ आणि ३:३५, तर ५० ते ५४ साठी ३:२० आणि ३:५०. वय बोस्टनच्या शर्यतीच्या दिवशीचं धरतात, म्हणजे एप्रिलमधल्या तिसऱ्या सोमवारचं. ओहायला पळताना तुम्ही ३९ वर्षांचे असाल आणि त्या सोमवारी ४० पूर्ण होत असतील, तर ५ मिनिटं जास्त मिळतात. वेळ चिपची धरतात, म्हणजे तुम्ही स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची; शर्यत सुरू करणाऱ्या बंदुकीची नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मर्यादा गाठल्याने फक्त अर्जाचा हक्क मिळतो, जागा नाही. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की मर्यादेपेक्षा सर्वांत जास्त वेगाने पळालेल्यांना आधी घेतात. २०२५ साली मर्यादेपेक्षा ६ मिनिटं ५१ सेकंद वेगवान असणं लागलं, २०२६ साली ४ मिनिटं ३४ सेकंद. म्हणून सरावाचं लक्ष्य मर्यादेच्या निदान ७ मिनिटं आत ठेवा. आणि सरावात उतारावरच्या लांब धावा हव्यातच. हलका उतारसुद्धा मांड्या भरून आणतो आणि व्हेंचुरात शेवटी सपाट रस्त्यावर त्याच मांड्या लागतात.

अर्ज

नोंदणी सप्टेंबरमध्ये, साधारण आठवडाभर, संस्थेच्या संकेतस्थळावर होते. पहिल्या मिनिटाला अर्ज भरण्याची धडपड करू नका, कारण मुदतीत आलेले सगळे अर्ज सारखेच धरतात. शर्यतीचं नाव, तारीख आणि अधिकृत वेळ भरायची. ती आयोजकांच्या निकालाशी ताडून पाहतात, म्हणून ओहायच्या नोंदणीत नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. भारतीय कार्डाने फी भरणार असाल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून ठेवा. नवीन कार्डांवर ते बंदच असतात.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना पर्यटक व्हिसा लागतो. मानधन न घेता हौशी खेळाडू म्हणून भाग घ्यायला तो पुरतो. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट, फोटो आणि फी भरल्याची पावती ही मुख्य कागदपत्रं. शर्यतीच्या नोंदणीची ईमेल मुलाखतीला सोबत ठेवा. ओहायसाठी काढलेला व्हिसा मुदतीत असेल तर बोस्टनलाही तोच चालतो. मुलाखतीची तारीख मिळायला महिने लागू शकतात, त्यामुळे बोस्टनच्या होकाराची वाट पाहत बसू नका.

बोस्टनला बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, घ्यायला फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन स्वतः जावं लागतं. ते दुसऱ्या कुणाला देता येत नाही, आणि दुखापत झाली तरी आपल्या जागी मित्राला पळवता येत नाही.