तारीख-वेळ फंक्शनांचं रूपांतर (ओरॅकल ते पोस्टग्रेस)

ओरॅकल आणि पोस्टग्रेस या दोन डेटाबेस प्रणाली; ओरॅकलमधला डेटाबेस पोस्टग्रेसवर हलवताना तारीख-वेळेची फंक्शनं अशी बदलून लिहायची की उत्तर आधीचंच यायला हवं. खरी गोची फंक्शनच्या नावात नाही, टाइपमध्ये (कॉलममध्ये कोणत्या प्रकारची माहिती बसते त्यात) आहे. ओरॅकलचा डेट ७ बाइटचा, त्यात सेकंदापर्यंत वेळ बसते, पोस्टग्रेसचा डेट ४ बाइटचा आणि त्यात नुसती तारीख, म्हणून कॉलम सहसा टाइमस्टॅम्प (तारीख आणि वेळ दोन्ही ठेवणारा टाइप) करतात, पण मग जुन्या क्वेरीतलं 'सिसडेट + १' (सिसडेट म्हणजे ओरॅकलमधली आत्ताची तारीख-वेळ, + १ म्हणजे एक दिवस पुढे) या धर्तीचं गणित सरळ एरर देतं, कारण टाइमस्टॅम्पमध्ये नुसता आकडा मिळवता येत नाही, इंटरव्हल (एक दिवस, एक महिना असा कालावधी) लागतो.

सिसडेटच्या जागी पोस्टग्रेसचं नाऊ टाकणं ही नेहमीची चूक. नाऊ ट्रान्झॅक्शन (एकगठ्ठा पार पडणारं डेटाबेसचं काम) सुरू झाल्याची वेळ देतं, त्यामुळे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन तास चाललेल्या जॉबच्या लॉगमध्ये सुरुवात आणि शेवट एकच दिसतो. सिसडेटला जवळचं म्हणजे क्लॉक_टाइमस्टॅम्प, ते त्या क्षणाची खरी वेळ देतं.

तारखेत महिने मिळवणारं ओरॅकलचं ॲड_मंथ्स तर गुपचूप फसवतं. २८ फेब्रुवारी २०२३ मध्ये एक महिना मिळवला की ओरॅकल ३१ मार्च देतं (महिनाअखेर ती महिनाअखेरच), पोस्टग्रेसचा एक महिन्याचा इंटरव्हल २८ मार्च. एरर नाही, काही नाही, हप्त्याची तारीख तेवढी हलते.

आता जुन्या तारखा. ओरॅकलची तारीख इ.स.पू. ४७१२ पासून सुरू होते, पोस्टग्रेसची ४७१३ पासून. दोन्हींचं मूळ बहुधा स्कॅलिजर या विद्वानाने १५८३ मध्ये मांडलेल्या ज्युलियन कालखंडात (दिवस सलग मोजायच्या पद्धतीत) असावं, आणि तो इ.स.पू. ४७१३ पासूनच धरतात. मग हे एक वर्ष गेलं कुठे? खगोलवाले शून्य वर्ष मोजतात, त्यांच्या हिशोबात तेच वर्ष उणे ४७१२ होतं, ओरॅकलचा आकडा तिथूनच आला असावा हे जास्त पटतं. अलीकडच्या तारखांना याने फरक पडत नाही, १ जानेवारी २००० चा ज्युलियन दिवस (त्या कालखंडाच्या सुरुवातीपासून मोजलेला दिवसाचा क्रमांक) दोन्हीकडे २४५१५४५ च येतो. १५८२ चं मात्र जुळत नाही: त्या वर्षी ज्युलियन कॅलेंडर सोडून ग्रेगोरियन घेताना दहा दिवस वगळले, म्हणून ओरॅकल ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ वर उडी मारतं, पोस्टग्रेस मधले दहा दिवसही धरतं, म्हणून याच दोन तारखांची वजाबाकी एकीकडे १ आणि दुसरीकडे ११. पुराभिलेखांच्या डेटाला हे नडतं, पगारपत्रकाला कशाला नडेल.

तारखेतली वेळ कापून टाकणाऱ्या ओरॅकलच्या ट्रंकला पोस्टग्रेसचं डेट_ट्रंक चालतं. पोस्टग्रेसमध्ये ओराएफसीई एक्स्टेन्शन (ओरॅकलसारखी फंक्शनं देणारी जोडणी) टाकलं तर ॲड_मंथ्स ओरॅकलसारखंच मिळतं.