प्रोजेक्ट निघून गेल्यावर गावाचं काय होतं?

गरीब गाव स्वतःच्या पायावर उभं करायचं म्हटलं की डोक्यात लगेच यादी सुरू होते, शाळा, दवाखाना, पाणी, सोलर, चांगलं बियाणं. यादी बरोबरच आहे, पण खरी परीक्षा ती पूर्ण झाल्यानंतर सुरू होते, पैसे देणारे लोक गेले की ते गाव पुढे सरकत राहतं का हळूहळू परत होतं तिथेच येतं? मला तरी या सगळ्या विषयात हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो, आणि गेल्या वीसेक वर्षांत त्यावर खरंच चांगलं संशोधन झालंय.

अतिगरीब कोणाला म्हणायचं याची जागतिक बँकेची रेषा जून २०२५ पासून दिवसाला माणशी ३ डॉलर आहे. हे ३ डॉलर बाजारातल्या एक्स्चेंज रेटने धरायचे नाहीत, २०२१ च्या किमतीत अमेरिकेत तेवढ्यात जे विकत घेता येत होतं ते त्या त्या देशात घ्यायला जेवढे पैसे लागतील तेवढे धरायचे. म्हणजे रेषा मुळातच अगदी खाली आहे, तरी जगात जवळपास ८० कोटी माणसं तिच्याही खाली जगतायत.

ही माणसं कष्ट कमी करतात असं अजिबात नाही. अडकण्याचं कारण समजून घ्यायला जमीन बघा. मका दर हंगामात मातीतून नत्र आणि स्फुरद ओढून घेतो, खत घालायला पैसे नसले की माती दरवर्षी थोडी अजून उपाशी राहते, पीक घटतं, पीक घटलं की पुढच्या वर्षी खताला पैसे अजूनच नसतात, आणि त्यात घरात मलेरिया शिरला तर पेरणीच्या ऐन दिवसांत कामाचा माणूस अंथरुणावर. अर्थशास्त्रात याला दारिद्र्याचा सापळा म्हणतात. गरिबीच पुढच्या गरिबीचं कारण होते आणि बाहेरून एकदा जोरात धक्का मिळाल्याशिवाय हे चक्र तुटत नाही, असं ते म्हणणं.

हा धक्का देऊन बघायचा सगळ्यात गाजलेला प्रयत्न म्हणजे मिलेनियम व्हिलेजेस प्रोजेक्ट. अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स त्याचे मुख्य पुरस्कर्ते, सुरुवात पश्चिम केनियातल्या साउरी गावापासून, आणि पुढे आफ्रिकेतल्या १० देशांत जवळपास ५ लाख लोकांपर्यंत हे काम गेलं. खत, सुधारित बियाणं, मच्छरदाण्या, दवाखाने, पाणी, शाळेत जेवण, सगळं एकदम. साउरीत मक्याचं उत्पादन हेक्टरी सुमारे २ टनांवरून ५ टनांपर्यंत गेलं, आणि ज्या शेतात वर्षानुवर्षं धड काही पिकत नव्हतं तिथे हे झालं, ही काही छोटी गोष्ट नाही.

पण एक मोठी चूक सुरुवातीलाच झाली होती, तुलनेसाठी तशीच दुसरी गावं आधीपासून निवडून ठेवली नव्हती. त्याच काळात केनियात मोबाइल सगळीकडेच झपाट्याने पसरत होते, मग प्रोजेक्टच्या गावात मोबाइल वाढले याचं श्रेय प्रोजेक्टला कसं द्यायचं? शेवटी तुलनेची गावं मागाहून निवडून हिशोब केला, तो २०१८ मध्ये आला. तपासलेल्या ४० गोष्टींपैकी ३० मध्ये या गावांची स्थिती स्पष्टपणे चांगली होती, शेती आणि आरोग्यात तर खूपच. पण घरखर्चावरून मोजलेल्या गरिबीत मात्र ठोस फरक दिसला नाही. मला ही सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते, पीक वाढलं, आजारपण कमी झालं, तरी हातात खर्चायला पैसा म्हणावा तसा आला नाही. शेतीत हे सहज होऊ शकतं, सगळ्यांचा मका एकाच वेळी बाजारात आला आणि साठवायला कोरडी जागा नसली तर भाव पडतो, मग दुप्पट पिकवूनही दुप्पट कमाई होत नाही.

म्हणूनच स्वयंपूर्ण याचा अर्थ सगळं गावातच पिकवायचं आणि बनवायचं असा धरला तर घोटाळा होतो. औषधं, मीठ, पंपाचे सुटे भाग बाहेरूनच येणार, त्यासाठी काहीतरी बाहेर विकावं लागणार, म्हणजे रस्ता आणि बाजार हवाच.

आता बांगलादेशकडे येऊ. तिथे ब्रॅक संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब घरांसाठी वेगळीच पद्धत सुरू केली, घराला गाय किंवा शेळ्या द्यायच्या, ट्रेनिंग द्यायचं, सुरुवातीला खाण्यापुरता भत्ता म्हणजे भुकेपोटी गाय विकावी लागू नये, आणि सुमारे दोन वर्षं कोणीतरी नियमित घरी येऊन विचारपूस करायची. २००७ पासून अशा घरांचा ११ वर्षं पाठपुरावा झाला आणि त्यात सापळा अक्षरशः आकड्यांत दिसला. गाय मिळाल्यावर ज्या घरांची एकूण मालमत्ता एका विशिष्ट पातळीच्या वर गेली ती वर चढत राहिली, आणि साधारण एक तृतीयांश घरं गाय मिळूनही त्या पातळीच्या खालीच राहिली, ती परत घसरली. लोक तसेच, कष्ट तसेच, फरक सुरुवातीला हाताशी थोडं जास्त असण्याचा, कारण नुसत्या गाईने भागत नाही, तिला गोठा लागतो, दूध बाजारात न्यायला गाडी लागते. अर्धवट मदत म्हणजे थोडीशी मदत असं आपण समजतो, पण त्या पातळीच्या खाली थांबलेली मदत काही वर्षांत जवळजवळ पुसून जाते, आणि पैसे वाचवायला पॅकेज कापणाऱ्या प्रत्येकाने हा अभ्यास वाचायला हवा असं मला मनापासून वाटतं.

हीच पद्धत पुढे ६ देशांत १०,००० हून जास्त लोकांवर तपासली, निष्कर्ष २०१५ मध्ये आले, बहुतेक ठिकाणी मदत संपल्यावर वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्यांपैकी बहुतेक रोगाने मेल्या आणि सगळं फिस्कटलं, म्हणजे पद्धत कितीही चांगली असली तरी कोणता प्राणी कुठे जगेल हे तिथल्या माणसांनाच विचारावं लागतं.

थेट रोख पैसे देणं हाही मार्ग आहे. साउरी ज्या भागात येतं त्याच सियाया काउंटीत ६५३ गावांचा मोठा प्रयोग झाला, १०,५०० घरांना प्रत्येकी साधारण १,००० डॉलर दिले. शेजारच्या ज्या घरांना काहीच मिळालं नव्हतं त्यांचाही खर्च वाढला, कारण पैसा दुकानदार, सुतार, मजूर यांच्याकडे फिरत राहिला, आणि दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे तिथल्या अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची भर पडली. महागाई मात्र जवळपास वाढलीच नाही.

पण रोख पैशाने प्रत्येक घर सावरलं तरी सगळ्यांचा मिळून जो एक हातपंप असतो तो कोण दुरुस्त करणार हा प्रश्न उरतोच. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत कोणत्याही वेळी साधारण चारातला एक हातपंप बंद असतो. अनेकदा बिघाड किरकोळच असतो, एखादं वॉशर किंवा रॉड, पण गावाच्या पाणी समितीकडे शिल्लक पैसा नसतो, पार्ट दूरच्या शहरात मिळतो आणि मेकॅनिक यायला आठवडे जातात. केनियात पंपाच्या दांड्यात सेन्सर बसवून बघितलं, पंप हलायचा थांबला की मेकॅनिकला कळतं, आणि दुरुस्तीला जिथे जवळपास महिना लागायचा तिथे काम तीन दिवसांच्या आत व्हायला लागलं. अडचण एकच राहिली, लोक दरमहा जी छोटी वर्गणी देतात त्यात हा खर्च पूर्ण निघत नाही, वरचे पैसे एका निधीतून घालावे लागतात, आणि तो निधी कायमचा कोण भरणार, सरकार का देणगीदार, हे ठरवल्याशिवाय पंप बसवायलाच घेऊ नये असं माझं मत आहे.