'म'चा 'व' होताना: शीव या शब्दाची गोष्ट

मुंबईतल्या शीव या नावाचा संबंध कुणी महादेवाशी जोडतं, तर कुणी 'सायन'वरून जेरुसलेमच्या टेकडीशी. इतकं लांब जायची गरज नाही. शीव म्हणजे हद्द. इंग्रजांची मुंबई इथे संपायची आणि खाडीपलीकडे साष्टी बेट लागायचं. साष्टी पोर्तुगिजांकडे होती, म्हणून इंग्रजांनी १६६९ ते १६७७ या काळात इथल्या टेकडीवर किल्ला बांधला.

हा शब्द आला संस्कृत 'सीमा'वरून. पण 'म'चा 'व' कसा झाला? मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. 'म' म्हणताना ओठ पुरते मिटतात आणि हवा नाकातून जाते. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'म' भरभर बोलताना ढिला पडतो. ओठ मिटता मिटता राहतात आणि 'व' ऐकू येतो. नाकातला सूर मात्र लगेच जात नाही, तो मागच्या स्वरावर सरकतो. म्हणून ग्रामचं गांव, नामचं नांव आणि सीमाची शींव. जुन्या छापील पुस्तकांतला तो अनुस्वार याच 'म'ची खूण होती. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी ती पुसली. आवळा (आमलक), कोवळा (कोमल), पाचवा (पंचम) हे याच वाटेने आले.

मग 'काम'मधला 'म' कसा टिकला? कारण कर्मचं प्राकृतात आधी 'कम्म' झालं. जोड 'म'ला ओठ जास्त वेळ मिटून राहतात, त्यामुळे तो ढिला पडला नाही.

'स'चा 'श' झाला तो पुढच्या 'ई'मुळे. 'इ', 'ए' म्हणताना जीभ टाळूकडे उचलली जाते आणि 'स'लाही तिकडे ओढते: सिंदूरचा शेंदूर, सीव्यतिचं शिवणे. शेवटचा 'आ' गळला, जिह्वाची जीभ होताना गळला तसाच.

संस्कृतात सीमन् म्हणजे केसांतला भांगसुद्धा. डोहाळजेवणाशी जोडलेल्या सीमंतोन्नयनातला 'सीमंत' तोच.

नुसता उच्चार जुळला म्हणून प्रत्येक नावात दैवी रहस्य शोधणारे संदेश सतत फिरत असतात. शीव म्हणजे महादेव हा दावा तपासायला विभक्ती पुरते. देव पुल्लिंगी, म्हणून 'शिवाला बेल वाहिला'. हद्द स्त्रीलिंगी, सीमेसारखीच, म्हणून पाहुण्यांना निरोप द्यायला माणसं जातात ती गावच्या शिवेपर्यंत.