रेडिएटर कॅपची गळती

मोटारीच्या शीतन प्रणालीचे तोंड बंद ठेवणाऱ्या दाबयुक्त झाकणाला रेडिएटर कॅप किंवा प्रेशर कॅप म्हणतात. काम प्रेशर कुकरसारखेच; कुकरवर शिट्टीचे वजन असते, इथे स्प्रिंग. जपानी धाटणीच्या गाड्यांच्या कॅपवर बहुधा ०.९ किंवा १.१ हा आकडा कोरलेला असतो. तो दर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम-बलातला दाब. ०.९ च्या कॅपखाली साधे पाणीसुद्धा सुमारे ११९ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. उंचावर हवेचा दाब घटतो, महाबळेश्वरला उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळे सपाटीवर निमूट चालणारी, पण कॅप सैल झालेली गाडी घाटात पाणी फेकू लागते.

कॅपच्या आत दोन झडपा असतात. मोठी झडप दाब मर्यादेपलीकडे गेला की उघडते आणि जादा कूलंट (इंजिन गार ठेवणारे द्रव) बारीक नळीने ओव्हरफ्लो बाटलीत सोडते. तिच्या मध्यावरची छोटी झडप इंजिन निवताना आत पोकळी झाली की उघडते आणि तेच कूलंट परत ओढून घेते. काही गाड्यांत, विशेषतः युरोपीय धाटणीच्या, रेडिएटरला झाकणच नसते; फिरकीची कॅप थेट दाबाखालच्या टाकीवर बसते.

गळती दर वेळी बाहेर दिसेलच असे नाही, आणि फसगत होते ती इथेच. खालचे रबर वायसर कडक झाले, तर कूलंट वेळेआधी बाटलीत जाते. जमिनीवर थेंबही पडत नाही, पण गाडी गरम होते. वरच्या कडेचे वायसर गेले, तर गळ्याभोवती हिरवट किंवा गुलाबी खरपुडी धरते आणि निवताना बाटलीतल्या कूलंटऐवजी हवा आत शिरते. मग बाटली काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा, असा प्रकार होतो. फक्त बाटली पाहून ‘पाणी आहे’ म्हणणारा चालक यातच अडकतो. छोटी झडप चिकटून बसली, तर सकाळी इंजिन आणि रेडिएटर जोडणारा वरचा होज पाईप चिमटल्यासारखा चपटा झालेला सापडतो.

तपासणी गार इंजिनवरच करावी. गरम कॅप उघडताच दाब एकदम उतरतो, शंभर अंशांवरचे कूलंट क्षणात वाफाळून उसळते आणि हात, चेहरा भाजतो. वर ओले फडके टाकून उघडण्याची गॅरेजमधली सवयही भरवशाची नाही. होज दाबून मऊ आणि गार लागेपर्यंत थांबावे. मग वायसरला चीर किंवा घडी आहे का, स्प्रिंग गंजली आहे का, छोटी झडप नखाने हलकेच ओढल्यावर उघडून परत बसते का, हे पाहावे. रेडिएटरच्या गळ्याची बैठकही बोटाने चाचपावी. तिथे क्षार साचले असतील, तर कापडाने पुसावेत. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडल्यास ओरखडा राहतो आणि नवी कॅपही गळते. पक्के निदान हातपंपाच्या टेस्टरने होते: कॅप कोरलेल्या आकड्याच्या जवळपास उघडली पाहिजे आणि त्याखाली काटा स्थिर राहिला पाहिजे.

नवी कॅप घेताना आकडा तोच हवा. ‘जरा जास्त दाबाची’ बसवली, तर गळती थांबल्यासारखी वाटते आणि जोर जुन्या होजवर, प्लास्टिकच्या टाकीवर किंवा हीटरच्या जाळीवर येतो.

नव्या कॅपनंतरही पाणी फेकणे चालू राहिले, तर दोष बहुधा झाकणात नसतो. गार इंजिन चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत होज दगडासारखा कडक होणे किंवा बाटलीत सतत बुडबुडे येणे, हे हेड गॅस्केटमधून (इंजिनचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधल्या सीलमधून) ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरत असल्याचे लक्षण आहे. अशा वेळी कॅप तिचे काम चोख करत असते.