माल फिरवायचा की धरून ठेवायचा: गेममधल्या चलनाचे दोन वेगळे धंदे

पाथ ऑफ एक्झाइल या ऑनलाइन गेममध्ये समजा दोघांनी 1,500 केऑस ऑर्ब देऊन दहा डिव्हाइन ऑर्ब (दोन्ही तिथली चलनं, डिव्हाइन महागडं) घेतले, म्हणजे 150 च्या भावाने. एकाने ते लगेच 154 ला विकायला लावले. दुसऱ्याने पेटीत टाकले, आठवड्याभरात 180 होतील या हिशोबाने. विचाराल तर दोघंही एकच उत्तर देतील: "फ्लिप करतोय." खरं तर फ्लिप, म्हणजे घेऊन लगेच विकणं, फक्त पहिलाच करतोय. दुसऱ्याने माल धरलाय, गेमरांच्या भाषेत होल्ड. स्वस्तात घेऊन महाग विकणं दोन्हीकडे सारखं दिसतं, म्हणून गफलत होते आणि नुकसान बहुतेक वेळा याच गफलतीतून होतं.

इंदूरच्या बड्या सराफ्यात दुकानदार एकाच सोन्याचे दोन भाव सांगतो. घ्यायचा वेगळा, द्यायचा वेगळा. सोनं चढो की उतरो, मधला फरक त्याचा. तेच सोनं लग्नासाठी दोन वर्षं आधी घेऊन ठेवणारं घर मात्र भाव चढण्यावर बसलेलं असतं. फ्लिपवाला हा सराफ आहे आणि होल्डवाला ते घर. फ्लिपला आज, या क्षणी दोन भाव असले की पुरे. होल्डला उद्याचा भाव लागतो, आणि तो कुणाच्या हातात नसतो.

आधी फ्लिप, कारण त्यात आकडेमोड जास्त आहे. ओल्ड स्कूल रूनस्केपचा (पुढे नुसतं रूनस्केप) ग्रँड एक्स्चेंज, म्हणजे त्या गेममधला बाजार, शिकायला सगळ्यात सोपा. तिथे सौदा कसा जुळतो हे एकदा समजून घ्यावं: तुम्ही 1,100 ला खरेदी लावली आणि आधीपासून कुणी 1,030 ला विकायला बसलेला असेल, तर सौदा 1,030 ला होतो आणि वरचे 70 तुम्हाला परत मिळतात. भाव नेहमी आधी रांगेत असलेल्याचा. यावरूनच मार्जिन, म्हणजे घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातलं अंतर, तपासतात. एक नग मुद्दाम चढ्या भावाने घ्यायचा, म्हणजे विकणाऱ्यांचा सगळ्यात खालचा भाव कळतो. मग तोच नग मुद्दाम पाडून विकायचा, म्हणजे घेणाऱ्यांचा सगळ्यात वरचा भाव कळतो. आता घेणाऱ्यांच्या भावापेक्षा एक नाणं जास्त देऊन खरेदी लावायची, विकणाऱ्यांच्या भावापेक्षा एक कमी करून विक्री. गेममध्ये दिसणारा गाइड प्राइस, म्हणजे गेमने सुचवलेला भाव, मागे राहिलेला असतो. त्याच्यावर विसंबून ऑर्डर लावणाऱ्यांचाच पैसा फ्लिपवाल्यांच्या खिशात जातो.

मग येतो कर. डिसेंबर 2021 मध्ये ग्रँड एक्स्चेंजवर विकणाऱ्याकडून 1 टक्का कापायला सुरुवात झाली, मे 2025 पासून तो 2 टक्के आहे. 1,000 ला घेऊन 1,020 ला विकलं तर कर 20, हातात शून्य. 1,030 ला विकलं तर कर 20 (अपूर्णांक सोडून देतात), हातात 10. म्हणजे 3 टक्क्यांचं दिसणारं मार्जिन खरं 1 टक्क्याचं. बरेच नवे लोक इथेच फसतात आणि दिवसभर फुकट राबतात. कराला दोन फटी आहेत. 50 नाण्यांखालच्या वस्तूला कर लागतच नाही, त्यामुळे 40 ला घेऊन 41 ला विकण्यात अख्खा अडीच टक्का सुटतो. दुसऱ्या टोकाला एका नगावर 50 लाखांपेक्षा जास्त कर घेत नाहीत, म्हणून 25 कोटींच्या वरच्या वस्तूंवर कराचा टक्का आपोआप उतरत जातो. नवख्याने पहिल्या फटीत राहावं. दुसऱ्या फटीत एक चुकीचा सौदा महिन्याभराची कमाई घेऊन जातो.

फ्लिपला भांडवलापेक्षा जागा आणि मर्यादा आडव्या येतात. मेंबरला, म्हणजे वर्गणी भरणाऱ्याला, आठ स्लॉट (एका वेळी लावता येणाऱ्या ऑर्डरींच्या जागा), फुकट खेळणाऱ्याला तीन. शिवाय प्रत्येक वस्तूची दर चार तासांची खरेदी मर्यादा असते, आणि घड्याळ पहिला नग हातात पडल्यापासून चालू होतं. मर्यादा 10,000 आणि नगामागे नफा 10 असेल, तर त्या स्लॉटची त्या चार तासांतली कमाई फार तर 1 लाख. हा आकडा काढल्याशिवाय फ्लिप चांगला की वाईट हे सांगताच येत नाही. नगामागे 4,000 सुटणारी पण दिवसाला जेमतेम पंचवीस नग खपणारी वस्तू तेवढेच 1 लाख देईल, फक्त स्लॉट दिवसभर अडवून. आणि एखाद्या वस्तूचं मार्जिन एकाएकी पंधरा टक्के दिसायला लागलं तर हुरळून जाऊ नये. कुणीतरी दोन-चार नग चढ्या भावाने घेऊन वरचा भाव फुगवलेला असतो. दोन्ही बाजूंचा खप पाहावा. वरच्या भावाला खरेदी होतच नसेल तर ते मार्जिन नसून आमिष आहे.

पाथ ऑफ एक्झाइलमध्ये चलनावर चलनाचा असा थेट बाजार जुलै 2024 मध्ये, सेटलर्स ऑफ कालगुर या लीगबरोबर (लीग म्हणजे गेमचा नवा हंगाम) आला. तिथे टक्क्यांत कर नाही; प्रत्येक ऑर्डरला सोनं लागतं आणि ते सोनं राक्षस मारूनच मिळतं, विकत घेता येत नाही. त्यामुळे केऑसचा ढीग असूनही सोनं संपलं की फ्लिप थांबतो. दुसरी खुबी अशी की सगळे आकडे पूर्णांकात लागतात. 152.5 चा भाव मांडायचा तर 2 डिव्हाइनला 305 केऑस लिहावं लागतं. एकाच डिव्हाइनची खरेदी लावणाऱ्याला पुढच्याच्या वर जायला 150 वरून थेट 151 वर उडी मारावी लागते. दहा मागणारा 1,501 लिहून 150.1 वर रांगेत पुढे जातो. घाऊकवाल्याचा नफा असा बारीक आकड्यांतून निघतो.

होल्डचं गणित लहान आणि डोकेदुखी मोठी. इथे 2 टक्के करही किरकोळ, कारण अपेक्षाच 20-30 टक्क्यांची असते. स्लॉट अडत नाही, माल बँकेत पडून राहतो. प्रश्न एकच: भाव का चढेल? याचं एका वाक्यात उत्तर नसेल तर तो होल्ड नाही, नुसती आशा आहे. धडधाकट कारणं दोन-तीनच असतात. पाथ ऑफ एक्झाइलच्या नव्या लीगमध्ये सगळे शून्यापासून सुरू करतात, आणि बहुतेक लीगमध्ये पुढच्या काही आठवड्यांत केऑस साचत जाऊन डिव्हाइन चढतो. रूनस्केपमध्ये येणाऱ्या अपडेटमुळे एखाद्या वस्तूचा नवा उपयोग निघतो. ईव्ह ऑनलाइनमध्ये प्लेक्स हे चलन खेळाडू खऱ्या पैशाने घेऊन गेममधल्या इस्कमध्ये विकतात. कंपनीने खऱ्या पैशातल्या भावावर सूट दिली की बाजारात प्लेक्सचा पूर येतो आणि इस्कमधला भाव पडतो. सूट संपल्यावर घेतलेला माल धरण्याला काही अर्थ असतो, सूट लागायच्या आदल्या दिवशी घेतलेल्याला नसतो.

कारण चुकलं की काय होतं याचं उदाहरण ऑगस्ट 2022 चं आहे. तोवर पाथ ऑफ एक्झाइलमध्ये एक्झाल्टेड ऑर्ब म्हणजे साठवायचं चलन होतं. बड्या खेळाडूंनी कायम चालणाऱ्या स्टँडर्ड लीगमध्ये ते पेट्या भरून ठेवले होते. लेक ऑफ कलांड्रा लीगच्या पॅचने, म्हणजे अपडेटने, उंची क्राफ्टिंगसाठी (वस्तू घडवायला) लागणारा खर्च एक्झाल्टेडवरून डिव्हाइनवर नेला. मागणी एका झटक्यात उठून शेजारच्या ऑर्बवर जाऊन बसली आणि एक्झाल्टेड कोसळला. त्या दिवसांत ज्याचं भांडवल फ्लिपमध्ये फिरत होतं त्याचं नुकसान दोन-चार ऑर्डरींपुरतं झालं. धरून बसलेल्याच्या मालाची बरीचशी किंमत गेली. गेममधल्या चलनाची रिझर्व्ह बँक म्हणजे गेम बनवणारी कंपनी, आणि ती पतधोरण पॅच नोटमधून जाहीर करते.

काही चलनं अशी आहेत की त्यात फ्लिप होऊच शकत नाही, हे माहीत नसलं की वेळ वाया जातो. गिल्ड वॉर्स 2 मध्ये सोन्याचे जेम (कंपनीच्या दुकानात चालणारं चलन) आणि जेमचं सोनं करताना दोन्ही वेळा 15 टक्के कापले जातात. शंभरातले 85, त्यातले पुन्हा 85 टक्के, म्हणजे परत हातात 72.25. भाव 38 टक्क्यांहून जास्त चढला तरच फायदा. रूनस्केपच्या बाँडला (मेंबरशिपचे दिवस देणारी वस्तू) ग्रँड एक्स्चेंजचा कर नाही हे ऐकून लोक खूश होतात, पण बाजारातून घेतलेला बाँड पुन्हा विकण्याजोगा करायला त्याच्या किमतीच्या 10 टक्के नाणी मोजावी लागतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं टोकन (तेही खेळायचे दिवस देतं) तर लिलावातून एकदा घेतलं की पुन्हा विकताच येत नाही. पहिल्या दोघांत फार तर होल्ड, तिसऱ्यात काहीच नाही.

आता ती जागा जिथे दोन्ही धंदे एकमेकांत घुसतात. मघाचे 10,000 नग 1,000 ला घेतले, 1 कोटी अडकले, 1,030 ला विकायला लावले आणि सकाळी बाजार खाली आलेला. आता विकणाऱ्यांचा भाव 1,010 आणि घेणाऱ्यांचा 980. 1,010 ला लावून विकलं तर कर जाऊन 990 मिळतात, तोटा 1 लाख. लगेच 980 ला फेकलं तर 961, तोटा 3 लाख 90 हजार. इथे दहातले नऊ जण तिसराच मार्ग धरतात: "असू दे, येईल वर." त्या क्षणी फ्लिपचा होल्ड झाला, तोही कोणतंही कारण नसलेला. स्लॉट अडला, भांडवल अडलं आणि रोज सुटणारे पैसे बुडाले ते वेगळेच. माल घेतानाच ठरवून ठेवावं की दोन खिडक्यांत, म्हणजे आठ तासांत, खपला नाही तर भाव उतरवून 1,010 ला लावायचा, आणि तिथेही हलला नाही तर फेकायचा. आमच्या मते हा एक नियम बाकी सगळ्या टूल्सपेक्षा जास्त पैसे वाचवतो.

उलटी गफलतही होते, पण कमी. विचार करून धरलेला माल पाच टक्के चढला की हात शिवशिवतात आणि लोक विकून टाकतात. कारण टिकून असेल तर एक तृतीयांश विकावा, बाकी राहू द्यावा. आणि ज्या डिस्कॉर्ड गटात "आज रात्री हे उचला" असा निरोप येतो, तिथे निरोप देणाऱ्याने तो माल आधीच भरलेला असतो. त्याला फक्त गिऱ्हाईक हवं असतं.

इंदुरातून खेळताना घड्याळाचा विचार फ्लिपमध्ये जास्त करावा लागतो. इथे रात्रीचे साडेअकरा, सराफ्यात भुट्ट्याचा कीस आणि गराडू जोरात असतात तेव्हा, हिवाळ्यात ब्रिटनमध्ये संध्याकाळचे सहा वाजलेले असतात आणि खप चढायला लागतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळची साडेसहा. त्यामुळे झोपताना लावलेल्या ऑर्डरी दोन्ही गर्दींतून जातात. थोडं रुंद मार्जिन ठेवून लावल्या तरी सकाळपर्यंत भरतात. दुपारी बाजार पातळ, तेव्हा खरेदी लावून कामाला जावं. रूनस्केपचं आठवड्याचं अपडेट साधारण बुधवारी, आपल्याकडे दुपारी चार-पाचच्या सुमाराला येतं. त्या अपडेटशी संबंध असलेल्या वस्तूची फ्लिप ऑर्डर बुधवारी दुपारी लावलेली नसावी. होल्डवाल्याने मात्र नेमक्या त्याच वेळी जागं असावं.

हिशोब दोन वेगळ्या तक्त्यांत लिहावा. फ्लिपच्या तक्त्यात स्लॉटमागे चार तासांची कमाई, कर कापून. होल्डच्या तक्त्यात खरेदीचा भाव, धरण्याचं कारण आणि ते कारण खोटं ठरवणारी गोष्ट. एकाच्या नफ्यात दुसऱ्याचा तोटा मिसळला की कशात कमावतोय हे कळेनासं होतं.

रुपयांचं म्हणाल तर गेमचं चलन बाहेर पैसे घेऊन विकणं या सगळ्या गेमच्या नियमांत बसत नाही. खातं बंद होतं आणि त्यातला मालही जातो. नियमात राहून खिशाला लागणारा फायदा म्हणजे मेंबरशिप. ईव्हमध्ये 500 प्लेक्सचे 30 दिवस, रूनस्केपमध्ये एका बाँडचे 14 दिवस. बाँड 1 कोटी 40 लाखांना मिळत असेल तर रोजचे 10 लाख सुटायला हवेत: नगामागे 10 वाल्या मघाच्या फ्लिपचे दिवसाला दहा फेरे. आठ स्लॉट, सकाळची एक खिडकी, रात्रीची एक, त्यातल्या सहा फसल्या तरी हिशोब बसतो. होल्डमधून हे बिल भरायला जाऊ नये. चौदाव्या दिवशी मेंबरशिप संपते, भाव चढो वा न चढो, आणि मग तो माल मिळेल त्या भावाने काढावा लागतो.