एसी चालू ठेवून गाडी स्टार्ट केली तर?

‘एसी चालू ठेवून गाडी स्टार्ट करू नका, कॉम्प्रेसरचा (एसीचा गॅस दाबणाऱ्या पंपाचा) सगळा भार स्टार्टरवर, म्हणजे सेल्फवर पडतो,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. जुन्या, साध्या वायरिंगच्या गाड्यांमध्ये त्यात तथ्य होतं, त्यामुळे तो पाळणाऱ्यांचं काही चुकलं नाही.

आता मात्र एसीचं बटण म्हणजे इंजिनाच्या ईसीयूकडे (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाकडे) केलेली नुसती विनंती. ईसीयू आधी इंजिनाचा वेग, गॅसचा दाब आणि कूलिंग कॉइलचं तापमान बघतो. सगळं ठीक असेल तरच रिले (विजेचा स्विच) ओढला जातो आणि कॉम्प्रेसरला बेल्टच्या पुलीशी जोडणारा चुंबकी क्लच पकडतो. सेल्फ फिरत असताना ही परवानगी मिळतच नाही.

खात्री करायची? गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, बॉनेट उघडं. एसी चालू ठेवून दुसऱ्या कुणाला तरी स्टार्ट मारायला सांगा आणि लांबूनच बघा (बेल्टजवळ हात नको). कॉम्प्रेसरची पुली फिरते, पण तिच्या पुढची क्लचची चकती स्थिर असते. काही क्षणांनी ‘टक्’ असा आवाज येतो आणि तीही फिरू लागते. काही नव्या कॉम्प्रेसरना क्लचच नसतो. तिथे ईसीयू व्हॉल्व्हने भार कमी-जास्त करतो, त्यामुळे हा आवाज ऐकू येणार नाही.